टिंबानंतरचं शून्य

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी सहाला वाडीचा नदीवरचा पंप सुरू झाला आणि सहा वाजून चार मिनिटांनी माझ्या फोनवर पहिली नोंद आली. पहिला वॉल उघडला. मी चहा तसाच ठेवून घरभर दोन फेऱ्या मारल्या. बाबा म्हणाले, "बस की जरा. पाणी काय तुझ्या पायांनी चाललंय?" बसवत नाही, काय करू.

आत्ताच लिहून ठेवते, पुढे कामाला येईल. वाडीची पाणीवापर संस्था: तेवीस खातेदार, एक पंप, एक पाइपलाइन, दहा दिवसांची पाळी. वीज रोज आठ तास, म्हणजे एका पाळीत ऐंशी तास पाणी. ज्याची जेवढी जमीन, त्याला तेवढा वेळ. गेली एकतीस वर्षं हे वाटप कोंडाजी आबा करतात. ते वाडीचे पाटकरी. कुणाचा वॉल कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि एका लाल कापडी बांधणीच्या वहीत. मी ती वही चार दिवस आणून सगळे आकडे डेटाबेसमध्ये घातले. आता आबांच्या फोनवर चिठ्ठी जाते: नाव, क्षेत्र, मिनिटं. त्यांनी 'चालू' दाबायचं, 'बंद' दाबायचं, संपलं काम.

तळेगावच्या कारखान्यातली नोकरी नोव्हेंबरात सोडली ती यासाठीच. हे चाललं तर मावळातल्या आणखी सहा संस्था घेणार आहेत, २४ फेब्रुवारीला सह्या. नाही चाललं तर त्याच गेटवर परत जायचं आणि प्रदीपचं तोंड बघायचं. निरोपाच्या दिवशी केक खाताखाता तो म्हणाला होता, "येशील परत."

एक गोष्ट मात्र छातीठोक सांगते. क्षेत्राचा कॉलम मी फ्लोट, म्हणजे अंदाजे दशांशाचा, ठेवला नाही. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर शेपटीला कचरा येतो. कारखान्यात मी त्यापायी दोन रविवार घालवलेत. इथे नेमका दशांश धरणारा न्यूमरिक घेतला, टिंबानंतर दोन घरं. वहीत जे आहे तेच आत. कणाचा फरक नाही.

१२ जानेवारी, रविवार

स्कूटीवरून वाडीत जाऊन आले. पंपघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलंय, 'लाभक्षेत्र ४० एकर'. माझ्याकडे बेरीज येते बत्तीस. हसू आलं. मंजुरीच्या वेळी फुगवून लिहिलं असणार, आपल्याकडे कागदावर सगळंच भरघोस असतं.

सरू आत्याकडे जेवले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मामा गेल्यापासून तीस गुंठे एकटीने करते. पाइपलाइनच्या अगदी शेवटी तिचं वावर, गहू गुडघ्याला लागतोय. "बघ गं, तुज्या मशीनचं पानी पिऊन कसा येतोय," म्हणाली. फार बरं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

दुसरी पाळी सुरू. सकाळीच कोंडाजी आबांचा फोन.

"ज्योत्स्ना, सरूचं तीन गुंठं कवापासनं झालं?"

"तीन नाही आबा, शून्य पॉइंट तीन एकर. तुमच्याच वहीत आहे, ०.३०."

"व्हय, पर हितं नुसतं ०.३ दिसतंय."

"एकच की ते. शेवटचं शून्य मी फोनवर दाखवत नाही, उगीच गर्दी होते. टिंबानंतर शेवटी आलेल्या शून्याला किंमत नसते."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. 

"शून्याला किंमत न्हाई?"

"नाही."

"आसंल बाई. तुमी शिकल्याली मान्सं." मग म्हणाले, "आन् नथूचं नि अंबाजीचं वावार सारखं कसं दावतंय? दोगांचंबी १.२."

वहीत नथूचं १.२० आहे, अंबाजीचं १.२. तेही एकच, असं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. मला उगाच वाटलं, त्यांना पटलं नाही. साठी उलटलेल्या माणसाला दशांश शिकवणं माझं काम आहे का? मी माझ्या बाबांनाही कधी शिकवले नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिल्या पाळीच्या नोंदी काढल्या. तीन ठिकाणी गडबड. सरू आत्याचा वेळ पंचेचाळीस मिनिटं, प्रत्यक्षात वॉल दीड तास उघडा. तिच्या शेजारच्या सखारामचंही तेच, पंचेचाळीसला नव्वद. आणि आबांनी स्वतःच्या शेताचा वॉल दीड तास आधीच बंद केलाय. कंटाळले असतील, वयही झालं.

संस्थेचे चेअरमन माऊली भाऊ तळेगावात भेटले. त्यांना सांगितलं. त्यांची चार एकर बागायत आहे आणि ते मशीनवर भलते खूश आहेत. म्हणाले, "या आधी कवा आमच्या उसाला येवढं पानी मिळालं नव्हतं बघा." मग आवाज खाली आणून, "सरूबाई तुमची आत्या ना? न्हाई, मी काय म्हनत न्हाई. पर लोक म्हनत्यात, मशीन राजेंद्रच्या पोरीचं, आन् पानी जादा बौद्धवाड्याच्या वावरात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येईपर्यंत सोमाटण्याच्या चौकात दोनदा चुकीच्या गियरवर गाडी बंद पडली. म्हणजे, स्कूटीला गियर नसतातच, ब्रेकच दाबून ठेवला होता. यावरून समजावं.

२४ जानेवारी, शुक्रवार

छोट्यांच्या तक्रारी येतायत, पाणी पुरत नाही म्हणून. मोठ्यांची एकही नाही. नेहमीचंच, ज्याचं कमी त्याची ओरड जास्त.

तरी स्वस्थता नाही. कदाचित मिनिटांच्या राउंडिंगमध्ये काही गळत असेल. दिवसभर बसून कॉलम बदलला, टिंबानंतर दोनाऐवजी चार घरं केली. आता सरू आत्याचं क्षेत्र ०.३००० एकर. सगळं पुन्हा चालवलं. कुणाच्याही वेळेत अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे गणित चोख आहे, माणूस चोख नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

दुसऱ्या पाळीतही तेच. आत्याला पंचेचाळीस जादा, सखारामला पंचेचाळीस जादा, आबांचा स्वतःचा वॉल दीड तास आधी बंद. दोनदा झालं म्हणजे चूक नाही, ठरवून केलेलं.

आत्याला विचारलं, "आबा तुला जादा पाणी का देतात?" ती म्हणाली, "जादा कुटलं? नेमाचंच तर देत्यात, दर साली देत्यात तेवडं." तिला तरी काय माहीत.

बाबांना सांगितलं, शनिवारच्या सभेत मी हे मांडणार. ते म्हणाले, "आधी कोंडाजीकडं जाऊन बस. त्याच्याशी बोल." मी म्हटलं, आत्या आपली आहे म्हणूनच आडून बोलायचं नाही. तोंडावर, सगळ्यांसमोर. बाबा टीव्हीचा आवाज मोठा करून बसले.

१ फेब्रुवारी, शनिवार

झालं. लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

समाजमंदिरात सभा. मी भिंतीवर नोंदी दाखवल्या. नाव, ठरलेला वेळ, दिलेला वेळ. पहिलं नाव मुद्दाम माझ्या आत्याचं घेतलं.  माऊली भाऊ म्हणाले, "आबा, काय म्हननं हाय?"

आबा उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "चिट्टीत कायतरी चुकतंय. काय, त्ये मला सांगता येत न्हाई. पर तीस गुंट्याला पाऊन तास पुरत न्हाई, येवडं मला वॉलवर हुबं ऱ्हाऊन कळतं."

मी म्हणाले, "आबा, पुरण्याचा प्रश्नच नाही. वाट्याचा आहे. आणि वाटा तुमच्या वहीवरूनच काढलाय."

 आबांनी खिशातून वॉलची चावी काढली. ती लोखंडी, हातभर लांब टी असते, खिशात अर्धीच मावते. त्यांनी ती टेबलावर ठेवली. मग वही उचलली आणि म्हणाले, "ही माजी हाय, नेतो." आता चावी आदिनाथकडे, माऊली भाऊंच्या चुलतभावाकडे.

सभा संपल्यावर तिघाचौघांनी पाठ थोपटली. सख्ख्या आत्यालाही सोडलं नाही पोरीने, म्हणाले. आत्या माझ्याकडे न बघता चपला घालून गेली. मी बरोबर केलं. 

६ फेब्रुवारी, गुरुवार

आदिनाथ अगदी मिनिटाबरहुकूम चालतो. काल आत्याला पंचेचाळीस मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या. बघून समाधान वाटायला हवं. मी नखं खातेय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वाडीत गेले. आत्याच्या गव्हाच्या अर्ध्या पट्ट्यात पाणी पोचलंच नाही. वरचा भाग ओला, खालचा भाग नुसता फाटलेला. तिने एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि हात माझ्यापुढे धरला. दाणा भरायच्या आधीच चिमलाय. "चिकात व्हता तवा पानी चुकलं," म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला चहा दिला.

सगळा कोड पुन्हा वाचला. भागाकार तपासला. बेरीज ऐंशी तास बरोबर येते. चूक नाही. चूक असती तर बरं, असं पहिल्यांदाच वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आमच्या वराळ्याच्या मैदानावर टेनिस बॉलच्या मॅचेस होत्या. बाबा दरवर्षी स्कोअर लिहितात. मी घरात येरझाऱ्या घालते म्हणून मलाही ओढून नेलं. मी त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते, डोकं दुसरीकडेच.

फळ्यावर षटकं ४.५ होती. एक चेंडू पडला, बाबांनी ५.० केलं. मी सवयीने म्हणाले, "४.६ ना?"

बाबांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "सहा चेंडूंचं षटक असतं गं. चार पॉइंट सहा कुठं असतं का? ते टिंब काय दशांशाचं आहे? इकडं षटकं, तिकडं चेंडू. मधे नुसती भिंत."

मी उठले. बाबा "कुठं चाललीस" म्हणत होते. स्कूटी कशी चालवली आठवत नाही. घरी येऊन एकच गोष्ट विचारली डेटाबेसला: टिंबानंतर दोन अंक असलेल्या आकड्यांत सगळ्यात मोठा भाग कोणता? उत्तर आलं, ३६. चाळीसच्या वर एकही नाही. तेवीस माणसांत कुणाचंच अर्ध्या एकराच्या वर काही उरत नाही? कुणाचं ०.५५ नाही, ०.७५ नाही?

चाळीस गुंठ्यांचा एकर. ०.३० म्हणजे शून्य एकर तीस गुंठे. म्हणजे पाऊण एकर. मी या डायरीत 'तीस गुंठे' लिहिलंय, माझ्या हाताने, १२ तारखेला, आणि त्याच पानावर 'बत्तीस एकर' लिहून हसलेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आत्याला नव्वद मिनिटंच मिळायला हवी होती. माऊली भाऊंची चार एकर पुरी, त्यांना आठ तासांऐवजी दहा. ज्यांच्या टिंबाआधी मोठा आकडा त्यांना जादा, ज्यांच्या आधी शून्य त्यांचं अर्धंमुर्धं. चार घरांपर्यंत अचूक चूक.

आणि आबा. त्यांची जमीन वहीत १.५, एक एकर पाच गुंठे. मशीनने दीड एकर धरली, त्यांच्या वाट्याला दीड तास फुकट आला. त्यांनी तो घेतला नाही. पंचेचाळीस मिनिटं आत्याला, पंचेचाळीस सखारामला. हे सगळं माझ्या पडद्यावर जवळजवळ चार आठवडे होतं. मी लिहिलं, कंटाळले असतील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माऊली भाऊंकडे गेले. सांगितलं सगळं. ते राजेश्वरी वहिनींना चहा टाकायला सांगून बराच वेळ पानाला चुना लावत बसले.

"बरं झालं सापडलं. आता गुमान दुरुस्त करा. पुढच्या पाळीपासनं सगळं ठीक. कुनाला सांगायची गरज काय?"

"आबांचं काय?"

"त्यांचं वय झालंच व्हतं की. आन् २४ला तुमच्या सह्या हायेत. सहा गावांची लोकं येणार. त्यांना काय सांगनार, आमच्या मशीनला एकर मोजता येत न्हाई?"

खोटं कशाला लिहू, मला ते पटलं. परतीच्या वाटेवर निम्म्या रस्त्यापर्यंत पटलेलंच होतं. घरी येऊन गुपचूप दुरुस्ती करायला बसले तर कळलं, ती होतच नाही. नथूचं १.२० आणि अंबाजीचं १.२, आत दोन्ही सारखेच झालेत. कुणाचे वीस गुंठे आणि कुणाचे दोन, हे आता मशीनला माहीतच नाही. ते फक्त त्या लाल वहीत आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आबांच्या अंगणात गेले. त्यांच्या घरच्या बयाबाई काकू पावटा सोलत होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही, पण सूप बाजूला सरकवून जागा केली. आबा गोठ्यातून आले.

मी एका दमात सांगितलं. टिंब, चाळीस, त्यांचा दीड तास, सगळं. मान वर केली नाही.

ते ऐकून घेऊन आत गेले आणि एक दोर घेऊन आले. सुताचा, जाड, दोन्ही टोकांना गाठ.

"ह्यो तेहेतीस फुटी दोर. येक गुंटा म्हंजे तेहेतीस बाय तेहेतीस. सभा झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिशी फाटंच सरूच्या वावरात गेलतो."

"कशाला, आबा?"

"तू म्हनलीस, तीन आन् तीस येकच. वही माजी, आकडे माजे. मला वाटलं मीच चुकलो. येकतीस वर्सं मान्सांना चुकीचं पानी सोडलं का काय. रातभर डोळ्याला डोळा न्हाई." ते दोराच्या गाठीवरून अंगठा फिरवत होते. "म्हून मोजलं. तीस भरलं. वर दीड हात."

"मग येऊन सांगायचं ना मला."

"काय सांगू? तू म्हनलीस, शून्याला किंमत न्हाई. मला त्येचं उत्तर येत न्हवतं."

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, अंगभर चटका बसावा तशी. बाकीच्या छोट्यांना का नाही दिलं, असं काहीतरी विचारलं मी, बोलायला काहीतरी हवं म्हणून. ते म्हणाले, "माज्यापाशी दीडच तास जादा व्हता. त्यो शेवटच्या दोगांना दिला. दुसऱ्याच्या वाटचं कसं देऊ?"

वही मागितली. त्यांनी दिली नाही. "सभेत माग," म्हणाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सभेत मागितली.

त्याच भिंतीवर त्याच नोंदी लावल्या आणि सांगितलं, चूक माझी. एकर आणि गुंठे मी एकाच कॉलममध्ये कोंबले आणि दशांश समजले. मग एकेकाचं नाव घेऊन, किती मिळायला हवं होतं आणि किती मिळालं ते वाचलं. माऊली भाऊंचे दहा तास वाचताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "उंटावरनं शेळ्या हाकल्या बाईंनी." खरंच आहे. वराळ्यात खुर्चीत बसून वाडीचं पाणी.

मग आबांकडे वळून म्हणाले, "तुम्ही बरोबर होतात. मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते." आवाज फाटला. फाटू दिला.

आबांनी एवढंच विचारलं, "म्हंजे वही चुकल्याली न्हवती?"

"नव्हती, आबा."

त्यांनी टोपी घातली आणि टेबलावरची चावी उचलली. आदिनाथने ती आधीच तिथे आणून ठेवली होती. वही मात्र बगलेतच राहिली. ठराव झाला: पाणी आबांच्या वहीप्रमाणे, मशीन बंद.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सह्या झाल्या नाहीत. सहापैकी दोनच संस्थांची माणसं आली. त्यांना मी सगळं सांगितलं, कारण आता लपवायला काही शिल्लकच नाही. एक जण म्हणाला, "बगू, पुढच्या साली." दुसऱ्याने चहा घेतला आणि गेला. प्रदीपचा नंबर काढला, पुन्हा ठेवला.

९ मार्च, रविवार

सकाळी दारात कोंडाजी आबा. वाडीहून एसटीने आलेले, बगलेत वही, हातात पिशवी. पिशवीत आत्याचा गहू, तीनेक किलो. दरवर्षी सात-आठ पोती होतात, यंदा चार झाली. निरोप होता, "दळून खा म्हनावं. दाना बारीक हाय, पर आपलाच हाय." मी पिशवी हातात धरून उभीच राहिले. बाबांनी ती माझ्याकडून घेतली.

आबा बसले, पाणी प्यायले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"घाल पुन्ना मशीनमदी."

"गावाने बंद केलंय, आबा."

"गावाला मी सांगतो. माजं गुडगं गेलं. आज ना उद्या कुनीतरी दुसरा चावी घील, त्याला ही वही वाचता येनार हाय का? तुलाच आली न्हाई."

 लॅपटॉप उघडला. जुना कॉलम काढून टाकला आणि दोन नवे केले, एकर आणि गुंठे, दोन्ही पूर्णांक. गुंठ्यांच्या घरात चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा घातला तर ते घेणार नाही, अशी अटही घातली. आबांना दाखवलं. "आसं पयल्यांदाच करायचं व्हतं," म्हणाले, आणि मग स्वतःशीच, "मीबी टिंब द्याया नको व्हतं. रेघ वडायची." त्यांनी तो दोष स्वतःकडे घेतलेला मला सहन होईना. मी म्हटलं, "वाचा."

ते वाचत गेले, मी घालत गेले. नथू, एक एकर वीस गुंठे. अंबाजी, एक एकर दोन गुंठे. प्रत्येक नावाला ते थांबत होते, वावर डोळ्यांपुढे आणून मगच पुढे जात होते. मला घाई नव्हती. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी एका जागी तासभर बसले होते.

शेवटचं नाव सरू आत्याचं.

"शून्य येकर," आबा म्हणाले. मी ० दाबलं.

"तीस गुंटं." मी ३० दाबलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ पाहिलं.

"ह्ये शून्य ऱ्हाईल ना हितं?"

"राहील, आबा."

"दाव पुन्ना."

मी पडद्यावरची खिडकी बंद केली, पुन्हा उघडली आणि दाखवलं.